गावाचा ‘कल’ आणि भीमनगरचा बूथ

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावात दोन प्रकारचं विश्लेषण चालतं. पहिलं वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर छापून येतं. शहराचा कल अमुक पक्षाकडे, ग्रामीण भागाने तमुक उमेदवाराला तारलं, वगैरे. दुसरं बाजार समितीच्या गेटसमोरच्या हॉटेलात चहाबरोबर चालतं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. तिथे ‘कल’ हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे सरळ म्हणतात, "भीमनगरच्या बूथवर आपल्याला शंभरसुद्धा पडली नाहीत."

हे त्यांना कसं कळलं, असं आपल्यापैकी कोणी विचारत नाही. मतदान गुप्त असतं असं आपल्याला शाळेत शिकवलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मतदानाची गुप्तता राखायला सांगतं, आणि कलम ९४ म्हणतं की तू कोणाला मत दिलंस हे कोर्टसुद्धा कोणाकडून वदवून घेऊ शकत नाही. मग हॉटेलात बसलेल्या सोसायटीच्या माजी चेअरमनला आपल्या वस्तीचं मत कसं ठाऊक? आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांचं मत त्याला तितकंच ठाऊक असतं का?

मित्रांनो, लहान गावांच्या राजकारणाबद्दल आपण खूप बोलतो. कोण विकलं गेलं, कोण बी टीम आहे, कोणाचा नेता कोणाच्या गाडीत बसला. या सगळ्याच्या खाली एक साधी यंत्रणा काम करते आणि तिच्याबद्दल आपण जवळजवळ काहीच बोलत नाही. ती आधी समजून घेऊ.

मतमोजणी बूथनिहाय होते. प्रत्येक केंद्राचं मशीन टेबलावर येतं, बटण दाबलं की त्या एका केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते दिसतं, आणि समोर बसलेले सगळ्या पक्षांचे मोजणी प्रतिनिधी ते आकडे वहीत उतरवून घेतात. पुढे हेच आकडे ‘फॉर्म २०’ या अंतिम निकालपत्रकात केंद्रनिहाय येतात आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. एका केंद्रावर मतदार किती? बरीच वर्षं दीड हजाराची कमाल मर्यादा होती, अलीकडे ती बाराशेवर आणली. म्हणजे निकाल मतदारसंघाचा नसतो, तो हजार-बाराशे माणसांच्या तुकड्यातुकड्याचा असतो.

मुंबई-पुण्यात याने फारसं बिघडत नाही. एका टॉवरमध्ये दहा जाती, पाच भाषा, शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. तिथल्या बूथचा आकडा वाचून कोणाच्या घरी जाणार? पण वीस हजार वस्तीच्या गावाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पेठ आहे, तिथे वाणी, ब्राह्मण, सोनार, मराठा, तेली, मुसलमान असे सगळे थोडेथोडे आहेत. जुनं गाव आहे, तिथे आळीआळीने जाती असल्या तरी एका शाळेतल्या एका केंद्रावर चार आळ्या येतात. आणि ओढ्यापलीकडे, नाहीतर जुन्या वेशीबाहेर, आपली वस्ती आहे. एकसलग, एका बाजूला, एका केंद्राची. तिथलं केंद्र समाजमंदिरात नाहीतर वस्तीतल्या नगरपंचायतीच्या शाळेत.

गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवलं ते शेकडो वर्षांपूर्वी. निवडणूक आयोगाने तिथे केंद्र दिलं ते आपल्या सोयीसाठी, दूर चालत जावं लागू नये, वाटेत कोणी अडवू नये म्हणून. हेतू चांगलाच होता, आणि स्वतंत्र केंद्रासाठी आपल्याच लोकांनी अर्ज केलेले आहेत. पण या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं? पेठेच्या बूथचा आकडा वाचून कोणत्या जातीने कोणाला मत दिलं ते छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. आपल्या बूथचा आकडा म्हणजे थेट आपल्या जातीचा आकडा. पेठेतल्या माणसाचं मत गर्दीत लपतं. आपलं मत पत्त्यासकट जाहीर होतं. गावात गुप्त मतदानाचा हक्क सगळ्यांना सारखा आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा फॉर्म २० उघडून बघावा.

आता यातून पुढे काय होतं ते कार्यकर्त्यांना सांगायची गरज नाही, पण नव्या पोरांसाठी लिहितो. मार कोणी देत नाही. आजकाल तशी गरजही पडत नाही. नाल्याचं काम मंजूर झालेलं असतं, ते पुढच्या आर्थिक वर्षात जातं. घरकुलाच्या यादीत नाव असतं, पण दुसरा हप्ता अडकतो, अभियंता पाहणीला येत नाही. नळाला पाणी चार दिवसांआड यायचं ते आठ दिवसांआड येतं. नागरी दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा नावाला आपल्या वस्तीत आणि प्रत्यक्षात वस्तीकडे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांचे प्लॉट असलेल्या रस्त्यावर खर्च होतो. तक्रार घेऊन गेलं की नगरसेवक हसून म्हणतो, "दादा, तुमच्या बूथवर काय झालं ते बघितलं ना?" धमकीचा एकही शब्द नाही. पोलिसात जाऊन सांगणार तरी काय? तो हसला म्हणून?

हे सगळं आपल्या डोक्यातलं आहे, असं म्हणणारे सुशिक्षित लोक भेटतात. त्यांच्यासाठी एक जाहीर उदाहरण पुरे आहे. एप्रिल २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी प्रचारसभेत गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी सांगितली होती. ज्या गावातून जितकी टक्के मतं, त्या क्रमाने त्या गावाची कामं. सुलतानपूरमध्ये मुस्लिम मतदारांसमोरही त्यांनी याच वळणाची भाषा केली आणि निवडणूक आयोगाने त्यांना ४८ तास प्रचारबंदी केली. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या माइकवर बोलल्या. तालुक्याच्या गावात ही वर्गवारी माइकशिवाय रोज चालते. आणि अशी वर्गवारी करता येते, कारण बूथचा आकडा हातात असतो. तो नसता तर ए कोण आणि डी कोण हे ठरवणार कशावरून?

खुद्द कायद्यालाही हे ठाऊक आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३(१)(एल) अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मत देण्यापासून रोखणं, अमुकालाच मत दे म्हणून दबाव आणणं, उमेदवारी अर्ज भरू न देणं याला गुन्हा ठरवतं. पण त्याच्या पुढचं (एन) हे कलम नीट वाचा. मतदान झाल्यानंतर मारहाण करणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा त्याची धमकी देणं, आणि त्याला देय असलेल्या सार्वजनिक सेवेचा लाभ रोखणं, हा गुन्हा आहे. त्यापुढचं (ओ) म्हणतं की अमुक उमेदवाराला मत दिलं किंवा दिलं नाही म्हणून या कायद्याखालचा कोणताही गुन्हा करणं हाही वेगळा गुन्हा आहे.

जरा थांबून विचार करा. दलिताने कोणाला मत दिलं हे समोरच्याला कळतं, हे गृहीत धरूनच संसदेने हे कलम लिहिलं आहे! एका कायद्यात मतदान गुप्त, आणि दुसऱ्या कायद्यात ते उघड झाल्यावर होणाऱ्या सूडाची शिक्षा. जखमेवर मलम देण्याची तयारी आहे, पण सुरी काढून घेण्याची नाही.

आणि या कलमाखाली किती तक्रारी दाखल करायला आपण गेलो? आपल्या कार्यकर्त्यांना अ‍ॅट्रॉसिटीची शिवीगाळीची कलमं पाठ असतात. (एन) आणि (ओ) पाठ असलेला कार्यकर्ता मला तरी क्वचितच भेटला आहे.

आता त्या दोन शिव्यांकडे वळू, ज्या दर निकालानंतर आपल्याला खाव्या लागतात. एक बाहेरून येते आणि एक घरातून.

बाहेरची शिवी म्हणजे ‘मतविभागणी’. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात ४१ लाखांच्या आसपास मतं पडली, सुमारे ७ टक्के. नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला तिथे १ लाख ६६ हजार मतं होती. झालं! त्या दिवसापासून पुरोगामी मंडळींनी पाच वर्षं आपल्याला कोर्टात उभं केलं. मग २०२४ आली, संविधान बदलाची भीती खरी वाटली, आणि वंचितची मतं निम्म्याहून कमी झाली. आपल्या माणसांनी आपला पक्ष बाजूला ठेवून महाविकास आघाडीला मत दिलं आणि आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. त्याबद्दल तालुक्याच्या गावात आपल्याला काय मिळालं? आघाडीच्या स्थानिक नेत्याने भीमनगरमध्ये येऊन आभाराची एक सभा तरी घेतली? सहाच महिन्यांनी विधानसभा झाली, महायुतीच्या २३० जागा आल्या, आणि त्याच गावात तोच नेता विचारत होता की तुमची मतं कुठे गेली. स्वतःच्या पाहुण्यारावळ्यांची मतं कुठे गेली हे त्याने कोणाला विचारलं नाही. विचारणार कसं? ती मतं पेठेच्या आणि जुन्या गावाच्या बूथवर गर्दीत मिसळली होती. हिशेब फक्त त्याचाच मागता येतो, ज्याचा हिशेब दिसतो.

हा अनुभव नवा नाही. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवा. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, म्हणजे त्या भागात काँग्रेसला हरवणं शक्य होतं. आणि त्याच मतदारांनी, त्याच निवडणुकीत, राखीव जागेवर बाबासाहेबांना ८,३८१ मतांनी पाडलं आणि काँग्रेसचे बोरकर निवडून दिले. ज्याने देशाला प्रत्येक प्रौढ माणसाच्या मताचा हक्क लिहून दिला, तो माणूस दोन वर्षांत दुसऱ्यांदा हरला. मतं एका बाजूने वाहतात, उलट दिशेने नाही, हे भंडाऱ्याने तेव्हाच दाखवलं. मतविभागणीचा आरोप करणाऱ्यांनी कधीतरी त्या दुसऱ्या मताचाही हिशेब द्यावा.

घरातली शिवी जास्त लागते. "आपला समाजच विकला गेला." पडलेला उमेदवार म्हणतो, त्याचे कार्यकर्ते म्हणतात, आणि जयंतीच्या वर्गणीच्या मीटिंगमध्येही ती ऐकू येते. पाकिटं वाटली जातात, जेवणावळी होतात, हे मी नाकारत नाही. पण पाकीट फक्त भीमनगरमध्येच येतं का? पेठेत ते पाकीट म्हणून येत नाही एवढंच. तिथे ते पतसंस्थेच्या कर्जाची मुदत वाढवून मिळण्याच्या रूपाने येतं, गाळ्याच्या भाडेपट्ट्याच्या रूपाने येतं, अतिक्रमणाची नोटीस मागे घेण्याच्या रूपाने येतं, पोराला कारखान्यात चिकटवून घेण्याच्या रूपाने येतं. पाचशेची नोट दिसते म्हणून ती लाच, आणि पाच लाखांचं कर्ज नवंजुनं करून दिलं तर ते नेत्याचं काम.

आणि गावाचा ‘कल’ म्हणजे तरी नेमकं काय असतं? २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी फुटली. गावोगावी काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. सोसायटी, बाजार समिती आणि पतसंस्था ज्याच्या हातात, तो नेता एका रात्रीत पलीकडे गेला आणि त्याच्यामागे अर्ध्या गावाचा कल गेला. फलक बदलले, गमछे बदलले, पाच वर्षं ज्याला शिव्या दिल्या त्याच्या वाढदिवसाला केक कापला. याला कोणी विकलं जाणं म्हटलं नाही. याला ‘भूमिका घेतली’ म्हणतात! मराठा-कुणबी, माळी, वाणी नेत्यामागे गेले की ते राजकारण, आणि आपल्यातली चाळीस घरं दुसरीकडे गेली की समाज विकला गेला. ही भाषा प्रस्थापितांनी तयार केली आणि आपण ती आपल्याच माणसांवर वापरतो.

मला उलट आश्चर्य वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या वस्तीचं मत दुसऱ्या दिवशी गावभर होणार हे तिला आधीपासून ठाऊक आहे, ज्या वस्तीतली बाई त्याच नगरसेवकाच्या शेतात खुरपणीला जाते आणि ज्या वस्तीतला पोरगा त्याच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे, ती वस्ती पुन्हा पुन्हा आपल्या निशाणीवर शेकड्याने मतं टाकते. निवडून येणार नाही हे माहीत असताना टाकते. या धैर्याचं विश्लेषण कोणत्या वर्तमानपत्राने केलं?

एक गोष्ट मात्र आपण स्वतःशी स्पष्ट बोलली पाहिजे. ‘दलित मत’ म्हणून आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा बौद्ध मत असतं. शेजारच्या अण्णाभाऊ साठे नगरातलं मातंगांचं मत, चर्मकार गल्लीतलं मत, आपण गृहीत धरतो. मिळालं नाही तर नाक मुरडतो, आणि मिळवण्यासाठी मधल्या पाच वर्षांत तिथे एकदाही जात नाही. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली आणि त्यानंतर या दोन वस्त्यांमधलं अंतर आणखी वाढवण्याचं काम कोण करतंय हे दिसतंच आहे. त्यांचाही बूथ आपल्यासारखाच उघडा पडतो. त्यांचंही घरकुल तसंच अडकतं. या एका प्रश्नावर तरी त्या वस्तीत जाऊन बसता येईल.

तर मग मागणी काय? नवीन काही शोधायचं नाही, ती धूळ खात पडलेली आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक नियमांत ५९-अ हा नियम होता. जिथे मतदारांना धमकावलं जाण्याची, निकालानंतर छळ होण्याची भीती असेल, तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायचा आदेश आयोग देऊ शकत होता. ढीग मिसळला की भीमनगर कुठलं आणि पेठ कुठली हे कळत नाही. साधा, बिनखर्चाचा उपाय. मग मशीन आलं, २००४ ची लोकसभा देशभर मशीनवर झाली, आणि मिसळण्याची सोय गेली.

निवडणूक आयोगाला हे कळत नव्हतं असं नाही. २००८ मध्ये आयोगानेच ‘टोटलायझर’चा प्रस्ताव सरकारला दिला. हे यंत्र चौदा मशीन एकत्र जोडतं आणि त्यांची एकत्रित बेरीज दाखवतं, एकेका केंद्राचा आकडा दाखवत नाही. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात याची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा केंद्र सरकारने विरोध केला. कारण काय दिलं? बूथनिहाय आकडे कळले तर पक्षांना आपण कुठे कमी पडलो, कुठे जास्त काम करायला हवं हे कळतं. वा! आपल्या वस्तीतल्या गटारीला विचारा, आकडे कळल्यावर त्यांनी किती जास्त काम केलं ते.

प्रस्ताव सरकारात असताना सरकारं दोन्ही बाजूंची होऊन गेली हे लक्षात ठेवा. २००८ पासून २०१४ पर्यंत काँग्रेसचं सरकार होतं, तेव्हाही हे झालं नाही. बूथप्रमुख आणि पन्नाप्रमुख नेमणाऱ्या पक्षाला बूथचा आकडा हवाच असतो. पण ज्यांच्याकडे पन्नाप्रमुख नाहीत अशा पुरोगाम्यांनाही तो हवा असतो, कारण त्यांच्या तालुकाध्यक्षालाही भीमनगरकडे बोट दाखवायचं असतं. म्हणून ही मागणी कोणताही मोठा पक्ष आपल्यासाठी करणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.

इथे आपल्यातलेच काही जण एक आक्षेप घेतात, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. मशीनवरच विश्वास नाही, घोटाळा पकडायचा तर बूथनिहाय आकडा हेच एक हत्यार हातात आहे, तेही झाकून टाकायचं का? माझं उत्तर असं आहे. बूथवर एकूण किती मतं पडली, हा १७-सी फॉर्मचा पहिला भाग, तो प्रत्येक केंद्राचा जाहीर झालाच पाहिजे. तो मतदानाच्या दिवशी संध्याकाळीच मिळाला पाहिजे, यासाठी आपण भांडत राहायचं. चौदा केंद्रांच्या एकूण मतदानाची बेरीज आणि टोटलायझरची बेरीज जुळते का, हे तपासता येतं. व्हीव्हीपॅटच्या पडताळणीसाठी प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. त्या पाच ठिकाणी मशीनचा आकडा उघडावा लागेल, ही किंमत आहे आणि ती मला मान्य आहे. पाच उघडणं आणि सगळेच्या सगळे उघडणं यात फरक आहे. पाचात भीमनगर येईल की पेठ, हे आधीपासून कोणाला माहीत नसतं. मशीनविरुद्धची लढाई आणि गुप्ततेची लढाई एकमेकांच्या आड येत नाहीत, आपण आडवी घातली तरच येतात.

नगरपंचायतीच्या निवडणुकीत मात्र टोटलायझरही पुरत नाही, हेही मांडायला हवं. दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येच्या गावात १७ नगरसेवक. म्हणजे एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या सहाशे ते दीड हजार. तिथे प्रभाग म्हणजेच बूथ. नगरसेवकाच्या मताचा आकडा लपवण्याची सोयच नाही. पण नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, तेव्हा मतदारसंघ अख्खं गाव असतो. ते मत सतराही प्रभागांचं एकत्र मोजायला काय हरकत आहे? राज्य निवडणूक आयोगाकडे ही मागणी लेखी गेली पाहिजे.

आणि प्रभागरचनेचं प्रारूप येतं तेव्हा हरकतींची जी मुदत असते, तिच्यात आपण झोपलेले असतो. राखीव प्रभाग ठरवताना अनुसूचित जातींचं प्रमाण जिथे सर्वाधिक, तिथून उतरत्या क्रमाने जातात. गावात आपण १२ टक्के असलो तर १७ पैकी दोन जागा. वस्तीला मधोमध चिरून तिचे दोन-तीन तुकडे शेजारच्या प्रभागांना चिकटवले की राखीव जागा मिळते, पण तिच्यावर कोण निवडून येणार हे बाकीचं गाव ठरवतं. मग असा उमेदवार शोधला जातो जो आपल्या जातीचा असतो आणि त्यांच्या ओसरीवर बसलेला असतो. पुणे कराराची ही तालुका आवृत्ती आहे. १९३२ मध्ये ७१ जागांच्या १४८ झाल्या म्हणून गांधीवादी मंडळी अजून आकडा सांगतात. जागा वाढल्या, पण चावी कोणाच्या हातात गेली ते बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितलं. आपण ते पुतळ्यासमोर म्हणतो, आणि प्रभागाचा नकाशा तहसीलच्या भिंतीवर लागतो तेव्हा वाचायला जात नाही.

जानेवारीत भीमा कोरेगाव, एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमी, डिसेंबरमध्ये चैत्यभूमी, हे वर्षाचं वेळापत्रक आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात आणखी दोन-तीन कामं घाला. आपल्या गावाच्या मागच्या तीन निवडणुकांचे फॉर्म २० उतरवून घ्या. त्यांच्यासमोर त्या-त्या वर्षी नागरी दलित वस्ती सुधारचा किती निधी आला, किती खर्च झाला आणि नेमका कोणत्या गल्लीत, हे माहितीच्या अधिकारात मागवा. घरकुलाचे अडकलेले हप्ते तारखांसह लिहा, निकालाच्या आधीचे आणि नंतरचे. मातंग वस्तीतल्या पोरांना बरोबर घेऊन त्यांच्याही वस्तीचं हेच करा. जिथे आकडे बोलतात, तिथे कलम ३(१)(एन) खाली तक्रार द्या. ठाणेदार घेणार नाही, मग लेखी पोच मागा, मग पोलीस अधीक्षक, मग अनुसूचित जाती-जमाती आयोग, मग कोर्ट. पहिली तक्रार टिकणार नाही कदाचित. पण पुढच्या वेळी तो नगरसेवक हसून बूथचा आकडा सांगण्याआधी इकडेतिकडे बघेल.

हे काम करताना एक पथ्य पाळा. वस्तीतल्या कोणत्याही घराला, तुम्ही कोणाला मत दिलंत, हे विचारू नका. आपल्या उमेदवारासाठीही नाही. ज्या चाळीस घरांनी दुसरीकडे मत दिलं असेल, त्यांची नावं आपल्या वहीत असता कामा नयेत. फॉर्म २० समोर ठेवून समाजमंदिरात कोणाला उभं करायचं, जयंतीच्या कमिटीतून कोणाला काढायचं, असं चालू झालं तर बाजार समितीच्या गेटसमोरचं हॉटेल आणि आपलं समाजमंदिर यात फरक काय राहिला?

प्रारूप प्रभागरचना लागली की हरकतीला दिवस थोडेच मिळतात. ज्यांच्या गावच्या निवडणुका व्हायच्या आहेत त्यांनी तहसील आणि नगरपंचायतीचा सूचनाफलक रोज बघायला एका पोराला आत्तापासून नेमून ठेवा.

जय भीम!